तिथीची पाऊणपट

कोथरूडमध्ये पन्नाशी उलटलेल्या माणसाकडे गुडघेदुखी आणि ट्रेकिंगचे बूट या दोन गोष्टी असतातच, आणि बहुधा त्या याच क्रमाने येतात. डॉक्टर सांगतात, "रोज थोडं चालत जा." डॉक्टरांच्या मनात असतं डहाणूकर कॉलनीपासून कर्वे पुतळ्यापर्यंत आणि परत. पण सपाटीवर चालणं कोथरूडकराला कमीपणाचं वाटतं. तो पहाटे उठून महात्मा टेकडी नाहीतर वेताळ टेकडी गाठतो. तिथे भेटणारा प्रत्येक जण एक तर काल कुठून तरी उतरलेला असतो, नाहीतर उद्या कुठे तरी चढणार असतो. कुणी म्हणतं तोरणा, कुणी म्हणतं राजगड-तोरणा एका दमात. "आम्ही रविवारी सिंहगडावर होतो," असं तिथे कुणी चुकून बोललं, तर लोक त्याच्याकडे तब्येत विचारावी अशा नजरेने बघतात.

या मंडळींत आपलं वेगळेपण काय, हा प्रश्न माझ्या नवऱ्याला छळत होता. एका रविवारी टेकडीवरून घरी येऊन, बूटही न काढता, तो म्हणाला, "समुद्र!"

"कुठे?"

"डोंगर सगळेच चढतात. आपण कोस्टल ट्रेक करायचा. समुद्राच्या कडेकडेने."

मग रोज रात्री जेवणानंतर मला व्हिडिओ दाखवण्यात येऊ लागले. पोर्तुगालमध्ये कोळ्यांची म्हणून एक पायवाट आहे, दोनशे किलोमीटरच्या वर. इटलीत चिंक्वे तेर्रे म्हणून समुद्रावर लटकलेली पाच गावं आहेत आणि त्यातल्या दोन गावांना जोडणारी, एक किलोमीटरसुद्धा न भरणारी एक वाट आहे. तिचं नाव 'प्रेमाची वाट'. ही वाट २०१२ साली दरड कोसळल्यामुळे बंद झाली ती थेट २०२४ मध्ये उघडली, आणि आता तिच्यावरून चालायला पैसे पडतात. प्रेमाची वाट बारा वर्षं दुरुस्तीला बंद होती हे ऐकून मला इटलीबद्दल एकदम आपलेपणा वाटला. मी म्हटलं, जाऊ या. पण व्हिसा, विमान आणि दोघांचे मिळून चार गुडघे यांचा हिशेब मांडल्यावर इटली सरकत सरकत रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात आली.

हरिहरेश्वर. तिथे देवळामागच्या डोंगराला प्रदक्षिणा घालायची वाट आहे. आधी चढून जायचं, मग दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून पायऱ्यांनी थेट समुद्रात उतरल्यासारखं खडकांवर उतरायचं, आणि डोंगर उजवीकडे, अरबी समुद्र डावीकडे असं चालत वळसा घालून पुन्हा देवळापाशी यायचं. नवरा देव मानत नाही, इतिहास मानतो. हरिहरेश्वर हे पेशव्यांचं कुलदैवत, श्रीवर्धनच्या भटांच्या घरातले बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले, हे त्याने मला ज्या सुरात सांगितलं त्यावरून वस्त्रं याच्याच हातून दिली गेली असावीत असं वाटलं. आमचं आडनाव पेशव्यांच्या आसपासही कुठे जात नाही. पण कोथरूडमध्ये राहिलं की पेशव्यांची जबाबदारी आपोआप अंगावर पडते.

एक्सेलमध्ये तक्ता झाला. निघण्याची वेळ, चहाची वेळ, 'निसर्ग पाहणे' याला वीस मिनिटं, आणि शनिवारी दुपारच्या चौकटीत ठळक अक्षरांत 'उकडीचे मोदक (आगाऊ सांगणे)'. बुटांना नवी लेस आली. त्याला एक घड्या घालून लांब-आखूड होणारी काठी, नळीने पाणी प्यायची पिशवी, डोक्याला बांधायची बॅटरी आणि संकटकाळी वाजवायची शिट्टी आली. मला टोपी आली.

"शनिवारी संकष्टी आहे," मी म्हटलं.

"मग?"

"मग दुपारी मोदक कसे खाऊ?"

त्याने थोडा वेळ तक्त्याकडे पाहिलं. तक्ता बदलणं त्याच्या जिवावर येतं. "मी खाईन," तो म्हणाला.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण पहिला तास आम्ही चांदणी चौकातच होतो. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटाने उडवला, तरी तो एका झटक्यात पडला नव्हता, उरलेलं काम जेसीबीने करावं लागलं, हे पुणेकरांना आठवत असेल. पुढच्या ऑगस्टमध्ये नवा पूल आणि त्याचे फाटे सुरू झाले. त्यातला मुळशीकडचा फाटा कोणता, यावर आमच्यात मतभेद झाले आणि आम्ही माझ्या मताने बावधनला, त्याच्या मताने वारज्याला आणि शेवटी कुणाच्याच मताने नाही असे परत कोथरूड डेपोपाशी आलो. शेजारचे काका भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होते. "आलात पण?" त्यांनी विचारलं.

मुळशीचं पाणी दिसायला लागलं की नवरा गाडीचा वेग कमी करून १९२१ चा मुळशी सत्याग्रह आणि सेनापती बापट सांगतो. दर वेळी त्याच वळणावर, त्याच वाक्याने. मी त्याच वळणावर दर वेळी शेंगदाण्याची पुडी उघडते. पुढे ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा, आणि रात्री हरिहरेश्वर.

उतरलो होतो ते घर एका आजींचं. नारळी-पोफळीची वाडी, अंगणात झोपाळा, मागे विहीर. जेवणानंतर झोपाळ्यावर बसून नवऱ्याने फोनमध्ये भरती-ओहोटीचा तक्ता काढला. त्याची तयारी नव्हती असं कुणी म्हणू नये.

"उद्या भरती दुपारी तीनला. ३.८ मीटर."

"म्हणजे किती?"

"तुझ्या अडीचपट."

"पण मोजायचं कुठून?"

तो जरा थांबला. "समुद्राच्या तळापासून असेल." (हे मीटर समुद्राच्या तळापासून नव्हे, तर साधारण सगळ्यात खोल ओहोटीला पाणी जिथे जातं त्या पातळीपासून मोजतात, असं मला पुढे कळलं. मुंबईत साडेचार मीटरच्या भरतीचा इशारा येतो तेव्हा पुण्यात आपण भजी तळत असतो, त्यामुळे कुठून मोजायचं हा प्रश्न कधी पडलेला नसतो.)

"तर भरती तीनची," त्याने निकाल दिला. "म्हणजे पावणेतीनपर्यंत आपण मोकळे."

मला ते पटलं. आम्हा पुण्याच्या लोकांना तीनची गाडी म्हटलं की ती तीनला येते, निदान यावी, असं वाटतं. भरतीलाही आम्ही तोच नियम लावला. डोंगरावर चालणाऱ्या माणसाचा आणखी एक समज असतो: ज्या वाटेने वर गेलो ती वाट उतरताना तिथेच असते. सह्याद्रीने हा विश्वास आजवर कधी मोडलेला नाही.

शनिवारी सकाळी माझ्यापुढे साबुदाण्याची खिचडी आणि त्याच्यापुढे पोहे आले. मग त्याच्यापुढे खिचडीही आली. मग दर्शन. हरिहरेश्वरी आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि मग पुन्हा काळभैरव असा क्रम आहे. देव न मानणाऱ्याने हा क्रम चुकवून चालत नाही, कारण तो इतिहास आहे. मग देवळाच्या बांधणीचं निरीक्षण. मग मोदकांची आठवण करून द्यायला पुन्हा घरी. तिथे आजी ओटीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. आमचा जामानिमा त्यांनी बुटांपासून बॅटरीपर्यंत पाहून घेतला.

"कुठे निघालात?"

"प्रदक्षिणेला."

"आत्ता? आज तिथी काय?"

"संकष्टी," मी म्हटलं. तिथी विचारली की मला हुशार वाटायला लागतं.

"चतुर्थी. चार त्रिक बारा, बाराचा चौथा हिस्सा तीन. तीनला भरती."

नवऱ्याचा चेहरा उजळला. "बघ! ॲपवर तेच आहे!"

"अहो, पण साडेअकरा वाजलेत," आजी म्हणाल्या. "नऊला ओहोटी संपली. समुद्र काय तीनला यायला निघतो? तो नऊलाच निघालाय. उद्या जा, उद्या पावणेचारची भरती, साडेनऊ-दहाला खडक मोकळे असतील."

"उद्या आम्ही वेळासला आहोत."

"कशासाठी?"

"तक्त्यात तसं आहे."

आजींनी पुन्हा सुपारी कातरायला घेतली.

हे त्रैराशिक कोकणात सगळ्यांना येतं. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. आमच्या स्वयंपाकघरातही कालनिर्णय आहे. त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या असतात, आणि संकष्टीच्या चौकटीतली चंद्रोदयाची वेळ तर मला मिनिटासह पाठ असते, कारण जेवण तिच्यावर अवलंबून असतं. तोच चंद्र तिकडे समुद्रालाही ओढतो आहे, हे भूगोलाच्या पुस्तकात आम्ही दोघांनीही वाचलं होतं. पण भूगोलाच्या पुस्तकातल्या गोष्टी आपल्या पायाखाली घडतात असा अनुभव कोथरूडमध्ये येत नाही.

चढ झाला. घळ आली. घळीच्या तोंडाशी फलक होता. भरतीच्या वेळी जाऊ नये. नवऱ्याने तो मोठ्याने वाचला, घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. तीनला."

घळीतून उतरलो आणि खरं सांगते, डोळ्यांचं पारणं फिटलं. काळेभोर खडक, आणि त्यांना आरपार जाळी पडलेली. बोट जाईल अशी भोकं, मूठ जाईल अशी भोकं, मधल्या भिंती विटेच्या कडेइतक्या पातळ. नवरा इंजिनीअर. "लोकांना वाटतं ही लाटांची करामत. तसं नाही. खारं पाणी खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतं, उन्हाने वाळतं, आत मिठाचे खडे धरतात आणि ते खडकाचे कण आतून ढकलून मोकळे करतात. हे बघ," असं म्हणून दाखवण्यासाठी त्याने काठीचं टोक एका भोकात घातलं.

ते निघेना.

त्याने ओढलं. काठी लांब झाली. आणखी ओढलं, आणखी लांब झाली. तिची खासियतच ती होती. मग त्याने दोन्ही पाय खडकाला लावून जोर केला तेव्हा वरचा भाग मुठीसकट त्याच्या हातात आला आणि खालचा भाग हरिहरेश्वरचरणी राहिला. तेवढ्यात मी फोटो काढले. ते पडतानाचे आले होते, म्हणून ताठ उभं राहिल्याचे पुन्हा काढले. मग त्याने माझे काढले. त्यात मी जाड आले, म्हणून खडक बदलून पुन्हा काढले. समुद्रासमोर उभं राहिलेलं जोडपं समुद्राकडे पाठ करूनच उभं असतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं असं नवऱ्याचं मत आहे. त्याची पाठही तिकडेच होती, हे माझं.

पुढे एका वळणाला डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई समोरून आली. खडकावरची कालवं काढून घरी निघालेली. लुगड्याचा काचा मारलेला, पाय अनवाणी. शेवाळावरून ती अशी आली की मला माझ्या बुटांची किंमत आठवली.

"ओ ताई, कुठं चाललात? पाणी चढतंय."

"प्रदक्षिणा पुरी करतोय," नवरा म्हणाला. "भरती तीनला आहे."

बाईने त्याच्याकडे, मग त्याच्या हातातल्या अर्ध्या काठीकडे पाहिलं. "पुढं वाट नाय आता. मागं फिरा. देव काय पळत नाय."

ती गेली. आम्ही पुढे गेलो, कारण एवढ्या लांब येऊन कालवंवाल्या बाईचं ऐकून परत फिरायचं तर टेकडीवर सांगायचं काय? दहा पावलांवर वाट संपली. म्हणजे ती असणार, पण पाण्याखाली. सहा तासांच्या भरतीत निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच चढतं, आणि ते मधले दोन तास म्हणजे अकरा ते एक. आम्ही तिथे बरोबर साडेबाराला उभे होतो. एक लाट आली, ती पायाशी फुटली. नवरा म्हणाला, "ही मोठी होती, आता लहान येईल." मग जी आली तिने माझी टोपी नेली, त्याची पाण्याची पिशवी खाऱ्या पाण्याने भरली आणि आमचा संसार गळ्यापर्यंत ओला केला.

नवऱ्याने शिट्टी वाजवली. संकटकाळी तीनदा वाजवायची असते, असं डबीवर लिहिलेलं होतं. वरच्या वाटेवर कुठल्या तरी शाळेची सहल होती. शिट्टी ऐकून मुलं ताबडतोब दोघादोघांच्या रांगेत उभी राहिली, आणि पुढे काय करायचं यासाठी आमच्याकडे बघू लागली. त्यांच्या सरांनी वरून हातवारे करून आम्हाला मागे जायची खूण केली. एका मुलाने टाळ्याही वाजवल्या.

"मागे फिरू," मी म्हटलं.

"प्रदक्षिणा अर्धवट टाकू नये," नवरा म्हणाला. देव न मानणारा!

मग पुढची लाट आली, आणि तिच्याबरोबर त्याला शास्त्र सुचलं. चष्म्यावरचं पाणी पुसत तो म्हणाला, "अगं, शंकराला पूर्ण प्रदक्षिणा घालतच नाहीत! सोमसूत्र ओलांडायचं नसतं. अर्ध्यातून उलट फिरायचं असतं. आपण करतोय तेच बरोबर आहे."

अशा रीतीने आम्ही पळून न जाता, शास्त्रोक्त परतलो. शेवाळावर तो एकदा धार्मिकपणे बसला, मी दोनदा. जाताना ज्या खडकावर बसून आम्ही चिक्की खाल्ली होती (उपासाला राजगिऱ्याची चालते), तो खडक येताना तिथे नव्हता. घळीच्या खालच्या पायऱ्यांवर फेस होता. वर आलो तेव्हा बुटांतून इतकं पाणी निघालं की बूट पाणी आत येऊ देत नाहीत ही जाहिरात खरी असेलच, पण ते बाहेरही जाऊ देत नाहीत, हे सिद्ध झालं.

आजी ओटीवरच होत्या. नवऱ्याने चार वाक्यांत सोमसूत्राचा निर्णय त्यांच्या कानावर घातला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हराचं झालं," त्या म्हणाल्या. "पण इथे हरीही आहे ना. त्याची अर्धी राहिली की!"

मोदक झाले होते. वाफ निघत होती, तूप सोडलेलं होतं. नवऱ्याने ओल्या कपड्यांवर पंचा गुंडाळून ते खाल्ले, आणि मी समोर बसून शेंगदाण्याचा लाडू खाल्ला. रात्री चंद्रोदयाची वेळ झाली तरी चंद्र दिसेना. चंद्र पूर्वेला उगवतो, आणि आमच्या पूर्वेला डोंगर होता. "वेळ झाली म्हणजे झाली," तो म्हणाला. दुपारी तीनबद्दलही हा असंच म्हणाला होता, तेव्हा मी चंद्र डोंगरावर येईपर्यंत वाट पाहिली.

रविवारी, आजींनी सांगितलेल्या वेळी, म्हणजे खडक मोकळे असताना, आम्ही बागमांडल्याहून जेटीने गाडीसकट खाडी ओलांडत होतो. तक्त्यात तसंच होतं. पलीकडे वेश्वी, पुढे नाना फडणवीसांचं वेळास. तिथे फेब्रुवारी-मार्चपासून कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, आणि आमच्या नशिबाने त्या संध्याकाळी निघालीही. टोपली वाळूवर अलगद कलती केली. बोटाच्या दोन पेरांएवढी पिल्लं, कुणी न सांगता, तोंड वळवून पाण्याकडे चालू लागली. उजळ क्षितिजाकडे जायचं त्यांना उपजत कळतं, असं तिथल्या कार्यकर्त्याने सांगितलं. त्यातलं एक मात्र उलटं फिरून आमच्या दिशेने यायला लागलं. "हा आपल्यातला दिसतोय," मी म्हटलं. नवरा हसला नाही.

कोथरूडला परतल्यावर मात्र त्याला वाचा फुटली. सोमवारी महात्मा टेकडीवर लाट कमरेपर्यंत होती. बुधवारी छातीपर्यंत आली. शुक्रवारी ती डोक्यावरून गेली आणि मला त्याने हाताला धरून ओढून काढलं. शनिवारी कालवंवाली बाई गोष्टीतून गेली आणि तिचा इशारा त्याने स्वतः दिला. आता टेकडीवर निम्म्या लोकांना कोस्टल ट्रेक करायचा आहे, आणि बूट कुठून घेतले, हे रोज कुणी ना कुणी विचारतं.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी निघणार असाल तर एवढं करा. कालनिर्णयात तिथी बघा. पौर्णिमेनंतरची असली तरी प्रतिपदेपासूनच मोजा. तीनने गुणा, चाराने भागा, आणि येईल त्या वेळेच्या सहा तास आधी खडकावर असा, सहा मिनिटं आधी नव्हे. घरच्या आजी काही म्हणाल्या तर ऐका. संकष्टी टाळा. आणि वळणाच्या अलीकडे, उजव्या हाताच्या जाळीदार खडकात लाल रंगाच्या काठीचं खालचं अर्ध दिसलं, तर ते आमचं आहे. निघत असेल तर घेऊन या, वरचं अर्ध आम्ही जपून ठेवलं आहे.